परसों आलेली मुदत

डूख धरू नये, असं मला घरातल्या सगळ्यांनी सांगून पाहिलं. आईने समजावलं, मामाने तर एकदा सकाळभर बसवून उपदेश केला. मी ऐकून घेतलं. मला कोणी दुखावलं तर मी भांडत नाही की रडत नाही. ते नीट घडी घालून ठेवते आणि वेळ आली की काढते. त्या वर्षांत मी ज्याच्यासाठी अशी घडी घालून ठेवली होती, तो म्हणजे आमच्या कंपनीत पुण्याहून आलेला प्रकल्पप्रमुख. तोंडावर मी त्याला सर म्हणत असे. इथे 'तो' म्हणणार आहे, आणि त्याबद्दल मला कोणी काही शिकवू नये.

आमचं राज्य तेव्हा दोन व्हायच्या बेतात होतं. आज बंद, उद्या मोर्चा, मध्येच बसगाड्या बंद. हैदराबादेत हिमायतनगरला चहा प्यायला उभं राहावं तर तिथेही शहर कोणाच्या वाट्याला जाणार यावर कपबशा आपटल्या जात. आमच्या घराला वाटणीचं नवल नव्हतं. आजोबा जुन्या हैदराबाद संस्थानात वकील. पहिल्या वाटणीत मराठी जिल्हे तिकडे गेले, नातेवाईक जिल्ह्यांबरोबर गेले, आणि आजोबांचं बरकतपुऱ्यातलं घर आणि अशिलं मात्र इथेच राहिली. आम्ही पोरं घरात मराठी, गल्लीत दखनी आणि दुकानात तेलुगू बोलत वाढलो. कुठली भाषा कुठे संपते याची आम्हाला कधी गरज पडली नाही.

आमची कंपनी लहान होती. आम्ही रडार बनवत होतो, पण आकाशातली विमानं बघणारं नव्हे, जमिनीवरची हालचाल बघणारं. सरहद्दीवर किंवा मोठ्या कारखान्याच्या कुंपणापाशी तिपाईवर ठेवायचं. लांबून कोणी चालत आलं की स्क्रीनवर ठिपका उमटतो. या यंत्राचा स्वभाव एकच. त्याला फक्त हलणारं दिसतं. उभा राहिलेला माणूस त्याच्या लेखी दगड. अडचण अशी की वाऱ्याने झुडूप हललं तरी ते माणूस आला म्हणून बोंब मारायचं. माणसाचं धड एका वेगाने पुढे जातं, हातपाय वेगळ्याच वेगाने मागेपुढे होतात, आणि झुडूप नुसतं जागच्या जागी हेलकावतं. हा फरक यंत्राला शिकवायचं काम माझं होतं. ते शिकवताना माझी कितीतरी वर्षं गेली, एक ठरलेलं लग्न मोडलं, आणि शेवटी ते शिकलं. त्या स्क्रीनसमोरची खुर्ची माझी होती. माझं असं म्हणण्यासारखं त्या कंपनीत दुसरं काही नव्हतं.

उघड्यावर रेडिओलहरी सोडायच्या तर सरकारचं लायसन्स लागतं. आमचं प्रयोगापुरतं होतं: शहराबाहेरच्या कोरड्या तलावाचं हे एवढं पात्र, ही एवढी ताकद, आणि अमुक तारखेपर्यंत. तारीख उलटली की बटणाला हात लावायचा नाही. बंदमुळे चाचण्यांचे दिवस वाया गेले, पहिली मुदत संपत आली, तेव्हा चाचांनी मुदतवाढ आणून दिली. चाचा म्हणजे आमच्या कंपनीतले सगळ्यात जुने कारकून. नामपल्लीकडून यायचे, लायसन्सची सगळी धावपळ त्यांच्याकडे असायची, आणि कंपनीत लहानमोठे सगळे त्यांना चाचाच म्हणत.

मुदतवाढ आली आणि त्यानंतर तो आला. हा क्रम लक्षात ठेवायचा आहे.

आल्या दिवशीच त्याने सगळ्यांची मीटिंग घेतली. माझं आडनाव ऐकून त्याचा चेहरा खुलला, तुम्ही तर आपल्याच की, असं मराठीत म्हणाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग त्याने विचारलं, माणूस ओळखण्याचं काम तुम्हीच केलंय का.

"हौ सर," मी म्हणाले. आमच्या बोलण्यात 'हो'चं हौ होतं.

"हौ?" तो सगळ्यांकडे बघून हसला. "हौ म्हणजे काय? हौद?"

कोणाला कळलं नाही, म्हणून त्याने तो विनोद हिंदीत समजावून सांगितला, म्हणजे कोणी हसायचं राहायला नको. वर म्हणाला, इकडे राहिलेलं मराठी म्हणजे रात्रभर बाहेर राहिलेलं वरण. चार माणसं हसली. मीही हसले. घडीची पहिली बाजू त्या दिवशी पडली.

कानामागून आला आणि तिखट झाला, असा तो प्रकार. आधी त्याने लायसन्सची फाइल माझ्याकडून काढून घेतली. ते तुम्ही बघू नका, म्हणाला, मी आणि चाचा बघू. मग खुर्चीची पाळी आली. चाचणीत कोणीतरी लांबवर चालावं लागतं, म्हणजे यंत्राला बघायला माणूस मिळतो. त्यासाठी आम्ही रोजंदारीवर माणूस लावत असू. त्याने आमच्या डायरेक्टरसाहेबांसमोर जाहीर केलं की भाडोत्री माणूस कसाही चालतो. ज्याला यंत्र सगळ्यात जास्त कळतं त्यानेच चाललं पाहिजे, हा माझा नियम. आणि सगळ्यात जास्त तर मॅडमनाच कळतं. स्तुतीच ती, काय बोलणार? मी उठले, तो माझ्या खुर्चीत बसला, आणि मी बूट घालून तलावात उतरले.

तलाव नावालाच. काळे गोटे, सीताफळाची झुडपं, म्हशींनी तुडवलेला आणि मग वाळून टणक झालेला चिखल. यंत्राच्या तंबूपासून बांधापर्यंत जायचं आणि परत यायचं, पुन्हा जायचं. म्हशी घेऊन येणारी एक बाई काही दिवस माझ्याकडे बघत राहिली आणि शेवटी तिने विचारलंच, "एंदुकु नडुस्तुन्नावम्मा?" का चालतेस गं बाई. त्या दिवसांत कोणीही शहराबाहेर रिकामं फिरताना दिसलं की लोकांना वाटायचं, नव्या राज्याची हद्द आखतायत. हिची म्हैस कुठल्या राज्यात जाणार, ही तिची काळजी. मी तिला सांगितलं की एका यंत्राला मी दिसावी म्हणून चालते. तिला माझी दया आली असावी, कारण तिने मला सीताफळ दिलं.

ते खायला मी बांधाखाली उभी राहिले. लगेच फोन वाजला.

"कुठे गेलात? स्क्रीनवर नाही तुम्ही."

मी इथेच आहे, जरा उभी आहे, असं सांगितलं.

"उभ्या राहू नका हो. चाला. थांबलात की आमच्या लेखी तुम्ही नाही."

वाक्य चुकीचं नव्हतं. यंत्राचा स्वभाव त्याने बरोबर सांगितला होता, आणि तो मीच त्याला समजावला होता. म्हणून ते जास्त लागलं. अर्धं सीताफळ म्हशीला घातलं आणि चालायला लागले.

त्याच आठवड्यात डायरेक्टरसाहेबांसमोर त्याने माझं काम मांडलं. स्क्रीनवर माझ्याच पावलांचे ठिपके दाखवत तो 'माझी पद्धत, माझी पद्धत' म्हणत होता. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे पुष्कळ पाहिले, पण हा ज्या पिठावर ओढत होता त्यात माझे पाय होते. संध्याकाळी आईने टोपलीभर भाजी निवडता निवडता विचारलं, आज काय झालं. काही नाही म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, म्हणजे त्याचं काही खरं नाही.

वेळ आली ती एका शब्दाच्या रूपाने.

सैन्याकडून काही अधिकारी यंत्र बघायला येणार होते. ते ज्या दिवशी येतील त्या दिवसावर कंपनीचं पुढचं सगळं अवलंबून. तारीख ठरवायची म्हणून त्याने चाचांना आत बोलावलं. मी तिथेच होते, तलावाचा नकाशा घेऊन. त्याने हिंदीत विचारलं, लायसन्सची मुदतवाढ आली का?

"आ गई साब," चाचा म्हणाले. "परसों च आई. फाइल में लगा दिया."

हैदराबादेत परसों या शब्दाला तारीख नसते. काल म्हणजे काल. त्याच्या मागचं सगळं परसों. परसों पाऊस पडला, परसों भाच्याचं लग्न झालं आणि त्या भाच्याची मुलगी आता शाळेत जाते, परसों आमचे आजोबा वारले. इथल्या माणसाला यात काही खटकत नाही. ऐकणाऱ्याला कळतंच किती मागचं ते. चाचा बोलत होते ते तो यायच्या आधी आलेल्या मुदतवाढीबद्दल, आणि ती आता संपत आली होती. पण पुण्याच्या माणसाला परसों म्हणजे परवा. परवा आली म्हणजे अख्खी मुदत हातात. त्याने समोरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं आणि निवांत, लांबची तारीख दिली. मुदत संपल्यानंतरची.

मी तोंड उघडलं होतं. अगदी खरं सांगते, शब्द ओठांपर्यंत आला होता. तेवढ्यात मला हौद आठवला, आणि मी तोंड मिटलं. फाइल तुम्ही बघू नका, असा हुकूम होता. मी हुकमाची ताबेदार.

बाहेर व्हरांड्यात चाचांनी मला विचारलं, "अगली मुदत का कागज डालना क्या, बेटी?" मी म्हणाले, साहेबांना विचारा. ते आत गेले आणि लाल होऊन बाहेर आले. आत्ताच तर मुदत मिळाली, पुन्हा कसला अर्ज, म्हणून साहेब खेकसले होते. चाचांनी खांदे उडवले. साहेबांना दिल्लीहून काही कळलं असेल, म्हणाले.

माझ्या मनात एकच गोष्ट पक्की होती: लायसन्सशिवाय यंत्र चालू होता कामा नये. तसं होईल अशी मला चिंता नव्हती. मुदत संपल्यावर मध्ये बंदच बंद लागले आणि यंत्र गोदामातून निघालंच नाही. आणि येणाऱ्या अधिकाऱ्यांतले मोठे साहेब मी आधी एकदा पाहिले होते. चहाला हात लावायच्या आधी ते लायसन्स मागतात. त्या दिवशी माझं काम कोणाला दिसणार नाही, हेही मला कळत होतं. चालेल म्हटलं. त्याच्या हातून दिसण्यापेक्षा न दिसलेलं बरं.

तो दिवस उजाडला. मी बांधापाशी उभी. फोन आला की चालायला लागायचं, असं ठरलेलं. लांब तंबूत पांढरा शर्ट दिसत होता, तो त्याचा. गाड्या आल्या, माणसं उतरली, हात जोडले गेले. मग पांढरा शर्ट फाइलवर वाकला. वाकलेलाच राहिला. मग जीपकडे गेला, परत आला, पुन्हा फाइलवर वाकला. मी एका गोट्यावर टेकले. म्हशीवाली बाई आली आणि आज का चालत नाहीस म्हणाली. आज माझी सुट्टी, मी म्हणाले.

शेवटी फोन वाजला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"मुदतवाढीचा दुसरा कागद कुठे ठेवलाय?"

"दुसरा कुठला, सर?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. नंतर नुसता वारा. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणतात ते हेच. गाड्या निघून गेल्याची धूळ दिसली, तेव्हा मी तंबूकडे चालायला लागले. सावकाश चालले. बघणारं कोणी नव्हतं, तरी मला मी फार छान दिसत असल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलावणं आलं. आणि तिथे असं काही झालं जे माझ्या घडीत नव्हतं. त्याने सरळ चाचांकडे बोट केलं. हा माणूस खोटं बोलला, परवा आली म्हणाला, याला आजच्या आज काढा. चाचांची निवृत्ती तोंडावर आली होती. अशा वेळी काढलं तर नुसती नोकरी नव्हे, आयुष्यभराची इज्जत गेली असती. चाचा टोपी हातात धरून उभे होते.

"मैं झूट नै बोला साब," ते म्हणाले. "मुदत परसों च आई थी."

तेव्हा मला जसा राग आला तसा आधी कधी आला नव्हता. मला हसलास, माझ्या खुर्चीत बसलास, ते माझं मी बघितलं असतं. पण हा म्हातारा आपली भाषा नीट बोलला, एवढाच त्याचा गुन्हा. आमच्या बोलण्याला हसायचं, आणि ते न समजल्याची शिक्षाही आम्हालाच.

मी पुढे झाले. डायरेक्टरसाहेब तेलुगू माणूस, पण जन्म याच शहरातला. त्यांना मी म्हणाले, "सर, चाचा सच बोले. मुदत इनके आने के पहले आई. परसों च हुई ना?"

डायरेक्टरसाहेबांनी तोंडावर हात ठेवला. तरी हसू फुटलंच. माझी शादीसुद्धा परसोंच झाली, असं म्हणून ते टेबलावर थाप मारून हसले, दारातला शिपाई हसला, हिशेबाच्या बाई हसल्या. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, काय विनोद आहे ते शोधत. कोणीतरी त्याला समजावून सांगावं लागलं. मी समजावलं. मराठीत, शुद्ध, एक एक शब्द सुटा करून, म्हणजे कळायचं काही राहायला नको.

हसून झाल्यावर डायरेक्टरसाहेबांनी त्याला एकच प्रश्न विचारला: फाइल उघडून पाहिली होती का? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

चाचा राहिले. नव्या मुदतीचा अर्ज त्याच दुपारी गेला. आणि निघताना डायरेक्टरसाहेब मला म्हणाले, "अगली बार स्क्रीन पे तुम बैठो, अम्मा." मग त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाले की चालायला तुम्ही जा. ज्याची पद्धत त्याला यंत्र सगळ्यात जास्त कळणार, आणि नियमही तुमचाच आहे.

नवी मुदत आली. या वेळी चाचांनी कागद आधी माझ्या हातात दिला आणि तारखेवर बोट ठेवून मोठ्याने वाचून दाखवला. गाड्या पुन्हा आल्या. मोठ्या साहेबांनी चहाच्या आधी लायसन्स मागितलं, वाचलं, मान हलवली. मी माझ्या खुर्चीत बसले. कानाला फोन लावला आणि चाला म्हणाले.

ठिपका उगवला. गोट्यांवरून अडखळत, पण निघाला. वाऱ्याने डावीकडची झुडपं हलत होती. यंत्राने तिकडे ढुंकून पाहिलं नाही. ठिपक्याशेजारी मात्र 'माणूस' अशी खूण केली. मोठे साहेब माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, आणि डायरेक्टरसाहेब त्यांना सांगत होते की हे सगळं काम या पोरीचं. मला इतका आनंद झाला की तो लपवायचीही लाज वाटली नाही.

फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. बांध जवळ आला तेव्हा तो मराठीत बोलला. तंबूत मराठी दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

"एक विचारू? ते परसोंचं. तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हौ सर."

काही पावलं नुसती वाजली.

"तेव्हाच म्हणजे? कधीपासून?"

"परसोंपासून."

पावलं थांबली. स्क्रीनवरचा ठिपका फिका झाला आणि गेला. मोठ्या साहेबांनी विचारलं, आदमी कहाँ गया? वहीं है सर, खड़ा हो गया, मी सांगितलं. मग फोन तोंडाशी धरला.

"उभे राहू नका हो सर," मी म्हणाले. "चाला. थांबलात की आमच्या लेखी तुम्ही नाही."

थोड्या वेळाने ठिपका पुन्हा उगवला आणि हळूहळू माझ्याकडे यायला लागला.